महाराजांचं नवं नाक

एका जंगलात, बाळांनो, एक सिंह होता आणि त्याला नाक होतं. नाकाचं मुद्दाम सांगतोय, कारण पुढच्याच वाक्यात ते जाणार आहे. महाराज अस्वलिणीच्या पिल्लांची चेष्टा करायला गेले आणि तिच्या एका फटक्यात नाक गायब झालं.

बिननाकाचा राजा म्हणजे अवघडच. डरकाळी फोडली की मधूनच शिट्टी वाजायची. ससे तोंड दाबून हसायचे. शेवटी महाराजांनी नदीकाठच्या उंबरावरच्या शिंपिणीला बोलावलं.

शिंपीण म्हणजे पानं शिवून घरटं करणारं एवढंसं पाखरू. ती पान कधीच तोडायची नाही. देठ तसाच ठेवून पान वळवायची आणि शिवायची. देठातून रस येत राहायचा, पान हिरवं राहायचं.

"महाराज, तुमच्या कपाळाचं कातडं तसंच वळवून नाकाच्या जागी आणते," ती म्हणाली. "भुवयांपाशी देठ राहील, त्यातून रक्त येईल. आत आधाराला कासवाच्या पाठीचा तुकडा घालू, चिंचोक्याएवढा."

"चिंचोक्याएवढा?" प्रधान तरस किंचाळला. "राजाच्या नाकात? आपल्याकडे हस्तिदंत पडलाय, चांगला मक्याच्या कणसाएवढा!"

"अहो तरसराव, कातडं तेवढंच आहे. जास्त ताणलं की रक्त पोचत नाही. मग ते काळं पडतं."

"काळा रंग रुबाबदार दिसतो."

महाराजांना कणीस आवडलं. "तेच घाल," ते म्हणाले. "आणि नाक बसलं नाही, तर तुझा उंबर आडवा करीन."

उंबरावर शिंपिणीची तीन अंडी होती. तिने कणीस घातलं. रागाने तिचे टाकेसुद्धा वाकडे आले.

तिसऱ्या दिवशी कातडं काळं पडलं. सातव्या दिवशी उंबरासमोरच भरलेल्या दरबारात ते फाटलं आणि हस्तिदंताचं टोक बाहेर आलं.

"हत्तीला बोलवा!" महाराज ओरडले. शिट्टीही वाजली. "उपटा तो उंबर! आणि हे कणीस कोणी सुचवलं होतं रे?"

 पण तरस प्रधान झालेला प्राणी होता. त्याने चटकन लोटांगण घातलं.

"महाराजांना शिंग आलं हो! आजवर कुठल्या सिंहाला शिंग आलंय?"

 माकडांनी टाळ्या वाजवल्या. माकडं कशालाही वाजवतात.

महाराजांनी शिंपिणीकडे पाहिलं. "काय गं, हे शिंगच ना?"

हत्ती तोवर येऊन उंबराला सोंड घालून उभा होता. घरट्यात अंडी हलत होती. शिंपिणीला स्वतःची इतकी लाज वाटली, की पंखात तोंड खुपसावंसं वाटलं.

"शिंगच, महाराज," ती म्हणाली. "अगदी जातिवंत."

हत्तीने सोंड काढून घेतली. तरसाला शिंगभूषण पदवी मिळाली. गेंड्याला मात्र नोटीस गेली: आपण विनापरवाना शिंग बाळगता, खुलासा करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबराखाली रांग लागली. बिबट्या, रानडुक्कर, सांबर, दोन कोल्हे. सांबराला आधीचीच दोन शिंगं होती, पण ती जुन्या पद्धतीची.

शिंपिणीने खाली वाकून पाहिलं. "अहो, तुमची सगळ्यांची नाकं चांगली धडधाकट आहेत की!"

"तीच तर अडचण आहे, बाई," बिबट्या काकुळतीला येऊन म्हणाला. "तेवढी बिघडवून द्या."

शिंपिणीने घरट्याकडे पाहिलं. पिल्लं आता कधीही बाहेर येणार होती. तिने सुई दातांत धरली आणि पहिल्याला वर बोलावलं. पाखरांना दात नसतात हे मला ठाऊक आहे, मध्ये बोलू नका.

तात्पर्य: नाकात घालायचं रोपण नेहमी मापापेक्षा मोठंच घ्यावं. आत राहिलं तर नाक म्हणावं, बाहेर आलं तर शिंग.