माणिकअप्पांची घोंगडी

आमच्या शेजारचे माणिकअप्पा दिवस मावळला की एका कुंडीला खांद्यावरची घोंगडी पांघरायचे. कुंडीभोवती दोन वेढे, पानांवरून एक सैल पदर आणि कडेला सुतळीची गाठ. मग त्या गाठोड्यावर हलकेच थाप मारून म्हणायचे, "नीज आता."

अप्पा मूळचे मुडबीचे. मेंढरं राखत मोठे झाले, पुढे बीदरला येऊन शहराबाहेरच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. मेंढरं सुटली, मेंढक्याचा हात काही सुटला नाही. गल्लीत कुणाला ताप आला की ते आधी त्याचे कान चाचपायचे. एकदा माझी स्कूटर सुरू होईना म्हणून मी किकवर किक मारत होतो, तर धावत आले. "मारू नगंस रं! जित्राब हाय ते, बुजलंय." त्यांच्या लेखी सगळंच जित्राब.

कुंडीतलं ऑर्किड तर कोकरूच. ते आणलं सुमीनं. सुमी ही अप्पांची एकुलती लेक, आई लहानपणीच गेलेली, बेंगळूरला कंप्युटर कंपनीत नोकरीला. तिला ऑफिसात भेट मिळालेलं ते झाड तिनं रातभर बसमध्ये मांडीवर धरून बीदरला आणलं. दांड्यावर ओळीनं पांढरी फुलपाखरं बसावीत तशी फुलं. दोन महिने राहिली आणि गळली. सुमी फोनवर म्हणाली, "अप्पा, त्याला परत येतात फुलं. आली की सांगा, मी बघायला येते."

पोरगी सहज बोलून गेली. अप्पांनी ते धरून ठेवलं. पुढं तिनं कधीही "येऊ का?" म्हणून विचारलं की यांचं एकच, "आधी फुलं येऊ दे की. कामधंदा सोडून रिकामं झाड बघायला येतीस व्हय?" असं म्हणून फोन ठेवायचे आणि कुंडीपाशी जाऊन बसायचे.

दोन हिवाळे गेले. पानं तुकतुकीत, फुलाचा पत्ता नाही. अप्पांनी दृष्ट काढली. लेंडीखत घातलं, सुमी फोनवर ओरडली तेव्हा काढलं. माझी बायको म्हणायची, "अप्पा, एवढी ऊब भेटली असती तर मला बी फुलं लागली असती." अप्पा गंभीरपणे विचारायचे, "कान गार हायत का तुझे?"

तिसऱ्या हिवाळ्यात त्यांच्या भावाचा पाय मोडला. त्याची मेंढरं बघायला अप्पा मुडबीला निघाले. कुंडी आणि सुतळीनं बांधलेली घोंगडी माझ्या व्हरांड्यात आणून ठेवली. "विलासा, सांच्याला पांघरून टाक. इसरू नगंस."

"व्हय अप्पा."

आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. मी विसरलो नव्हतो. ऑफिसातला हेडक्लार्क कुंडीला घोंगडी गुंडाळतोय हे समोरच्यांनी बघावं, याची मला लाज वाटली. पठारावरची थंडी ती. महिनाभर झाड उघड्यावर राहिलं. रोज सकाळी मी पानं चाचपायचो. गार! रोज ठरवायचो, आज नक्की. संध्याकाळी समोरच्या ओट्यावर माणसं बसलेली असायची.

अप्पा आले, कुंडी आणि घोंगडी उचलून घेऊन गेले. मी त्यांची नजर चुकवू लागलो. संक्रांतीनंतर एके सकाळी हाक आली, "विलासा! आरं पळ लौकर!"

मेलं झाड, म्हणत मी गेलो. पानाच्या बगलेतून हिरवा कोंब निघाला होता, टोकाशी अंगठ्यासारखा फुगवटा असलेला.

"मूळ असंल, अप्पा."

"मुळाला असा अंगठा असतोय व्हय? दांडा हाय, दांडा!"

होळीच्या सुमाराला दांडा फुलांनी वाकला. अप्पांनी फोनवर एवढंच सांगितलं, "आली." शनिवारी सुमी हजर. गल्ली लोटली. अप्पा जावई आल्यासारखे चहा वाटत फिरत होते. "घोंगडीची कमाल! मी न्हवतो तवा ह्या विलासानं पांघरली बगा!" लोक माझी पाठ थोपटायले. मी चहाचा कप खाली ठेवला.

गर्दी पांगल्यावर मी म्हणालो, "अप्पा, मी घोंगडी घातलीच नव्हती."

सुमी खो-खो हसत सुटली. "म्हणूनच आली फुलं! कवाचं सांगायलेय, ह्या झाडाला रातची थंडी लागली तरच दांडा फुटतो. अप्पा ऐकत्यात का?"

"मला ठाव होतं," अप्पा मला म्हणाले. "घोंगडीची गाठ मी मारल्ती. आलो तवा तशीच होती."

"मग गल्लीभर माझं नाव कामून घेतलाव?"

"फुलं आली की. आता तुझा कान पिळून काय करू?"

दुसऱ्या दिवशी सांजच्या बसला सुमीला सोडायला आम्ही दोघं गेलो. अप्पांनी घोंगडी तिच्या मांडीवर ठेवली. "तुझ्या हापिसात गार हवा सोडत्यात म्हनं. हितं आता कुणाला लागत न्हाई." बस हलली तसे ते खिडकीचा गज धरून चार पावलं चालले. "सुमे, फूलबिल बघू नगंस. तसंच ये."

परतलो तेव्हा दिवस मावळला होता. कुंडी उघडीच होती. अप्पांचा हात सवयीनं खांद्यावर गेला, तिथं घोंगडी नव्हती. मग त्यांनी एका पानावर हलकेच थाप मारली.

"नीज आता."