आधी उठू तं दे त्याले!

सुखदेवकाकांचा मोबाईल दुपारी झोपतो. आमच्या वडनेर भोलजीत माणसंही दुपारी झोपतात, त्यात नवल नाही. पण काका मोबाईल बंद करतात, धुतलेल्या दुपट्ट्यात गुंडाळतात आणि माठाशेजारच्या फळीवर, गार जागी ठेवतात. स्वतः मात्र जागे राहून मेथीच्या जुड्या बांधतात. खामगावला दिलेली त्यांची मुलगीसुद्धा चहाच्या वेळेआधी फोन करत नाही. "बाबांचा मोबाईल उठला की करते," असं ती आम्हाला अगदी गंभीरपणे सांगते.

उठतानाचे तर लाडच लाड. बटण दाबलं की काका मोबाईल खाटेवर ठेवून लांब बसतात. स्क्रीन उजळली, रेंजच्या काड्या आल्या, तरी हात लावायचा नाही. एकदा माझा फोन बंद पडला म्हणून मी घाईने त्यांचा उचलायला गेलो, तर हातावर चापटी बसली.

"काऊन बे संजू, घाई कायची? आधी उठू तं दे त्याले! बैल उठल्याबरोबर जुंपतं का कोणी?"

हे त्यांचं पालुपद. मोबाईल, विजेरी, फवारणीचा पंप, गाण्याचा छोटा स्पीकर, बॅटरीवर चालणाऱ्या प्रत्येकाला हाच न्याय. शेजारच्या सलीमभाईंना पंप द्यायचा तर सोबत ताकीद, "मधात मधात लिंबाखाली ठेव. ऊन लागते त्याले." सलीमभाई बिचारे पंप सावलीत ठेवतात आणि स्वतः उन्हात उभे राहून घाम पुसतात. चार्जिंगही बेतानं. "गळ्यापर्यंत खाऊ घालू नये, अन् उपाशीही निजवू नये." मी चार्जिंगला लावलेल्या फोनवर बोलताना दिसलो की संपलंच. "जेवता जेवता बोलायले लावतं का त्याले?" माझी बायको वैशाली हे ऐकून माझ्याकडे बघून हसते, कारण जेवताना मी फार बोलतो. आम्ही हसतो खरे, पण काकांचा मोबाईल माझ्या सगळ्या मोबाईलांना पुरून उरला आहे.

एवढ्या बेताच्या माणसाचं एक वागणं मात्र मला कळत नसे. त्यांच्या त्या स्पीकरमध्ये एक बाई होती. बटण दाबलं की आतून ठसक्यात म्हणायची, "पॉवर ऑन!" तेही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. रोज उजाडलं की भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा आणि पाठोपाठ काकांचा, "हाव बाई, उठलो." मग खट्. स्पीकर बंद. गाणं नाही की भजन नाही. उगाच चालू-बंद केलं की बॅटरी थकते, असं आम्हाला शिकवणारा माणूस रोज तेच करायचा. विचारलं तर म्हणायचे, "तपासून पाह्यतो."

एक दिवस मेथीवर पाणी मारता मारता स्पीकर भिजला. काका तो दुपट्ट्यात गुंडाळून माझ्या दारात उभे. चेहरा एवढासा झालेला.

"संजू, हे उठूनच नाही राह्यलं रे."

स्कूटरवर त्यांना घेऊन मी नांदुऱ्याला दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने स्पीकर उघडला. आतला बोर्ड जळाला होता, त्याने नवा बसवला आणि गाणं लावून दाखवलं. आवाज पहिल्यापेक्षा खणखणीत. काका खूश झाले, त्यांनी हौसेनं बंद करून पुन्हा बटण दाबलं. टुंग, एवढंच वाजलं.

"बाई कुठी गेली?"

"या बोर्डात बाईच नाही, काका. कटकट गेली तुमची!" दुकानदार हसून म्हणाला.

येताना काका मागच्या सीटवर दुपट्ट्यातला स्पीकर छातीशी धरून बसले. एरवी स्कूटर कशी सुरू करावी यावरच ते रस्ताभर बोलतात.

त्यानंतर भिंतीपलीकडची सकाळ मुकी झाली. न राहवून मी गेलो, तर स्पीकर फळीवर, दुपट्ट्यात.

"काका, निदान गाणं तरी ऐका."

"गाण्याचं काय रे. तुयी काकू होती तं सकाळी पह्यला आवाज तिचा. ते 'उठा' म्हणे, मी 'हाव' म्हणो. ते गेली, मंग घरात सकाळी कोणी बोलेच ना. हे बाई निदान हाक तं मारे. आता मी 'हाव' कोणाले म्हणू?"

मला फार वाईट वाटलं. भिंतीला भिंत लागून राहतो आम्ही, आणि हे मला माहीत नव्हतं. घरी येऊन वैशालीला सांगितलं. ती भाकरी थापत राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने स्वयंपाकघराची खिडकी उघडली, पदर खोचला आणि गल्ली दणाणेल अशी ओरडली, "काका, पॉवर ऑन!"

पलीकडे काहीच नाही. सलीमभाईंची शेळी तेवढी बें करून गेली. वैशाली माझ्याकडे बघायला लागली. "चुकलं का हो माझं?" आणि मग हट्टाने पुन्हा, "काकाऽऽ! पॉवर ऑन!"

खाट करकरली. काका खाकरले.

"हाव बाई, हाव! आधी उठू तं दे मले!"