मन्मथअप्पांची धार

साल दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं लागलं होतं. त्या वयात एक माणूस पहिल्यांदाच माझ्या घरी आला आणि रामराम घालायच्या आधी त्यानं मोरीतला नळ सोडला. धारेखाली अंगठा धरला, डोळे मिटले, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखी मान हलवली आणि म्हणाला, "दम न्हाई."

हे मन्मथअप्पा. रेणापूरकडचे. तिथलं किराणा दुकान आवरून नांदेडला आमच्या समोर घर बांधून आले. कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्याला पिशवी. पिशवीत पानसुपारी असेल असं वाटायचं, पण निघायचे पाइपांचे तुकडे.

कुणाच्याही घरी गेले की आधी नळ, मग माणसं. एकदा गल्लीतल्या पोरासाठी मुलगी बघायला विष्णुपुरीला गेलो. पोहे येईपर्यंत अप्पा गायब. न्हाणीतून आवाज आला, "पसंत करा! धार लई जोरात हाय!" मुलीच्या बापानं मला हळूच विचारलं, "हे मुलाचे कोण?" मी म्हणालो, "पाण्याकडचे नातेवाईक."

शेजारी एकाचं हृदयाचं ऑपरेशन झालं. सगळे फळं घेऊन गेले. अप्पांनी उशाशी गंजका पाइप ठेवला. "डॉक्टरनं तुमची नळी मोकळी केली. घराची कोण करील?" तो बिचारा पाइपाच्या भोकाकडं बघून परत झोपला.

माझं अन् त्यांचं भांडण लोखंडावरून. मी तिसरीतून शाळा सोडली. जन्मभर मोंढ्यात पोती उचलली. पण लोखंड मला कळतं. माझं घर बांधलं तेव्हापासून त्यात लोखंडी पाइप आहेत, एक फुटला नाही.

"फुटंल कशाला?" अप्पा म्हणायचे. "बोरच्या खाऱ्या पाण्यानं आतून भरत आलाय. पेन्सिल जाईना, पाणी कसं जाईल?"

"न्हाई गेलं तर न्हाई गेलं. तुमची ती प्लास्टिकची नळी म्हणजे दवाखान्यातलं सलाईन. घराला लावायची चीज हाय का?"

"किशनराव, तुम्ही लोखंडाहून कडक हाव."

मला ते बरं वाटलं. मी चहा सांगितला.

पण खरं सांगायचं तर प्लास्टिकनं त्यांनाही फसवलं होतं. घर बांधताना सोलरच्या गरम पाण्याला त्यांनी साधा पांढरा पाइप लावला. उन्हाळ्यात तो असा लोंबला की गल्लीतली पोरं त्याला जिलेबी म्हणायची. शिवाय टाकी उंचावर न चढवता ठेवली स्लॅबवरच. वरच्या मजल्यावरच्या शॉवरातून पाणी यायचं ते देवावर अभिषेक केल्यासारखं, थेंब थेंब.

तो वरचा मजला बांधला होता पुण्याच्या लेकासाठी. खाली अप्पा एकटेच. माझ्या घरी पहिल्यांदा आले त्याच्या आधीच्या दिवाळीला लेक, सून, नात आले. सुनेच्या केसांतला शाम्पू निघेना. दुसऱ्या दिवशी तिघंही स्टेशनजवळच्या लॉजवर राहायला गेले. जेवायला तेवढे अप्पांकडं यायचे. तेव्हापासून अप्पांनी दुसऱ्यांचे नळ सोडायला सुरुवात केली. धार चांगली कुठं लागते अन् का लागते, ते बघत फिरायचे.

मग एक दिवस समोर भिंती फोडायचा आवाज सुरू झाला. मी ओट्यावर खुर्ची टाकून बघत बसलो. कामच असं होतं की बघावंसं वाटे. टाकी विटांच्या खांबांवर चढवली. गरम पाण्याला, गरम सोसणारा पिवळट पाइप आला. टाकीपासून जाड पाइप खाली आणला, अन् बारीक केला तो अगदी शेवटी. वळणं होतील तेवढी कमी केली.

"कोपऱ्या-कोपऱ्याला पाणी थकतंय," अप्पा मिस्त्रीवर ओरडायचे. "त्याला सरळ जाऊ दे की!"

काम झालं. सगळ्या गल्लीला वर नेऊन शॉवर दाखवला. मी हात धरला. धार टोचत होती. तोंडानं मात्र म्हणालो, "बरी हाय."

"आता बघतो लॉजवर कसे जातेत," अप्पा म्हणाले. लेकाला फोन झाला. दसऱ्याला येतो म्हणाला. वर नवीन गादी आली, नातीसाठी गुलाबी बादली आली.

दसरा झाला. कोणी आलं नाही. "सुट्टी न्हाई म्हणं," अप्पा एवढंच बोलले. पिशवी न घेता फिरू लागले. माझ्याकडं आले तर नळाकडं बघेनात. मला ते बोचायला लागलं.

एका दुपारी अप्पांच्या वरच्या मजल्यावर शॉवर चालू असल्याचा आवाज आला. आले वाटतं पाहुणे, म्हणून मी जिना चढलो. बाथरूमचं दार बंद. आत पाणी धो धो. बाहेर गुलाबी बादली पालथी घालून अप्पा बसलेले.

"आत कोण हाय?"

"कोणी न्हाई."

"मग?"

ते जरा सरकले, मला जागा नव्हती तरी. "दार लावलं की कोणीतरी आंघोळ करायलंय, आसं वाटतंय," म्हणाले. "बसा."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. पाणी फिजूल जातंय, हे तोंडापर्यंत आलं होतं. दोघं त्या दाराकडं बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॉवेल खांद्यावर टाकला, साबण घेतला, अप्पांच्या घरात शिरलो अन् काही न विचारता वर गेलो. दार लावलं, शॉवर पूर्ण सोडला आणि आतून ओरडलो, "अप्पा, पाठ सोलून निघायली की हो!"