पेनांचा ग्लास

आमच्या कारखान्यातून वाईट ग्लास बाहेर पडत नाही. हे मी दर्जा तपासणी विभागाची प्रमुख म्हणून सांगते आणि शास्त्र शिकलेली बाई म्हणूनही सांगते, म्हणजे दोनदा तपासून सांगते. आमचा ग्लास हातातून पडला तर टणकन उडतो, लोळत कोपऱ्यात जातो आणि रुसलेल्या पोरासारखा कुणीतरी उचलून घ्यायची वाट बघत बसतो. फुटत मात्र नाही.

मी मुळात कमी बोलणारी. सासूबाईंची तक्रार आहे की सूनबाई पाहुण्यांशी बोलत नाही, नुसती त्यांच्या खुर्चीचा पाय डुगडुगतोय का ते बघत बसते. तक्रार खरी आहे. पण पाय डुगडुगत असेल तर कुणीतरी बघायला नको का?

तर ग्लास. फुटणारा आणि न फुटणारा, दोघांत दिसायला काडीचाही फरक नसतो. साचा तोच, काच तीच. भट्टीतून आलेल्या लालबुंद ग्लासावर आम्ही गार हवेचा झोत सोडतो. बाहेरची काच आधी आकसते, आतली मागाहून, आणि मग दोघी जन्मभर एकमेकींना आवळून धरतात. त्या ताणातच सगळी ताकद असते. झोत चुकला की ग्लास वरून तसाच देखणा, पण आतून सैल. असला ग्लास बाद, आणि बाद ग्लास जागच्या जागी फोडायचा, हा नियम. नियम माझाच.

अपवाद एक. नव्या कामगारांना दाखवायला म्हणून मी एक बाद ग्लास राखून ठेवला होता. बुडाला लाल मार्करने मोठी फुली, आत माझी पेनं. "बघा," मी त्यांना सांगायची, "वाईट माल चांगल्यासारखाच दिसतो." हे उदाहरण किती उत्तम होतं ते मला पुढे कळलं.

त्या सकाळी शाळांच्या जेवणघरांना भांडी पुरवणाऱ्या संस्थेच्या खरेदी अधिकारी यायच्या होत्या. आधीच्या पुरवठादाराचा ग्लास एका मुलीच्या हातात फुटला होता, म्हणून या वेळी बाई स्वतः बघायला येणार होत्या. मालकांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं की ही ऑर्डर आली नाही तर दुसरी भट्टी बंद. दुसऱ्या भट्टीवरची माणसं त्या दिवशी सुटी असूनही आली होती आणि कुणी सांगितलेलं नसताना अंगण झाडत होती.

मला मात्र मालकांचा वेगळा हुकूम होता: बसायचं, हसायचं, बोलायचं नाही. मागच्या एका ग्राहकाने मला सहज विचारलं होतं की तुमचा ग्लास कधीच फुटत नाही ना. मी म्हटलं होतं, "फुटतो. काच आहे." तो ग्राहक परत आला नाही.

बैठकीच्या आधी मी पेन घ्यायला टेबलाशी गेले, तर पेनं टेबलावर आडवी पसरलेली आणि ग्लास गायब.

बैठकीच्या खोलीच्या दारात आमचा विक्रीवाला केस सारखे करत उभा होता. त्याला सगळे धबधबा म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा, कारण दुसऱ्याचं ऐकायला तो कधी थांबतच नाही. मी त्याला ग्लासाचं विचारलं.

"मॅडम, तुम्हाला आनंद होईल," तो म्हणाला. "आज दाखवायच्या सहा ग्लासांतल्या एकावर ओरखडा होता. केसाएवढा. एरवी मी चालवून घेतला असता. पण तुमचं परवाचं भाषण आठवलं. बाद केला."

परवा मी दर्जावर भाषण दिलं होतं आणि हा गृहस्थ मागच्या रांगेत डोळे मिटून बसला होता. मला वाटलं होतं, झोपलाय.

"मग त्याच्या जागी?"

"तुमच्या टेबलावरचा. म्हटलं, दर्जाप्रमुखांनी स्वतःसाठी ठेवलेला ग्लास, याहून खात्रीचा कुठून आणणार?"

त्यावर फुली होती, मी म्हटलं.

"थिनरने काढली. कडेची नखाने खरवडली. अर्धवट काम करायचं नाही, तुम्हीच म्हणालात."

आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने माझं ऐकलं होतं. मी त्याला काही सांगणार एवढ्यात मालकांनी आतून हाक मारली आणि तो गेलासुद्धा.

आत गेले तेव्हा पाणी वाटून झालं होतं. मालक, खरेदीच्या बाई, धबधबा आणि माझी रिकामी खुर्ची, अशा चौघांपुढे एकेक ग्लास. उरलेले दोन मधल्या ट्रेमध्ये. सहाही सख्ख्या भावांसारखे.

मालकांची रीत मला पाठ आहे. बोलता बोलता ते ग्लास उचलतात, रिकामा करतात आणि म्हणतात, "दर्जा हा बोलायचा विषय नाही, ऐकायचा आहे." मग ग्लास सरळ फरशीवर. टण्. पाहुणा दचकतो, मग हसतो, मग मालक त्याच्या हातातला ग्लास त्यालाच आपटायला लावतात. सहापैकी कुठला ग्लास कुणाच्या हातात जाईल, याचा नेम नाही.

मी मालकांच्या कानाशी वाकून म्हटलं, "साहेब, जरा बाहेर येता?" त्यांनी हसऱ्या चेहऱ्याने माझी खुर्ची दाखवली. मी चिठ्ठी लिहायला गेले तर पेन आणलंच नव्हतं.

मग मला गॉगल आठवला. स्कूटरवर घालायला नणंदेने दिलेला, पाण्यावरची चकाकी गाळणारा. टीव्हीच्या पडद्याचा उजेडही असाच गाळलेला असतो. त्या दोन्हींच्या मध्ये ताण असलेली काच धरली की तिच्यात रंगीत पट्टे दिसतात. सैल काच कोरीच राहते. भिंतीवर मोठा टीव्ही होता आणि त्यावर आमच्या कारखान्याचं कौतुक चालू होतं. मी पर्समधून गॉगल काढला आणि घातला. एकच अडचण होती. पडदा पुरेसा काळा दिसण्यासाठी मान एका खांद्याकडे वाकडी करावी लागत होती.

अशा रीतीने, बंद खोलीत, काळा गॉगल लावून, दाणा शोधणाऱ्या कोंबडीसारखी मान तिरकी करून मी माझा ग्लास पडद्यासमोर धरला. रंगीत पट्टे. चांगला. ट्रेमधले दोन उचलून बघितले. चांगले. उरले तीन.

बाईंनी विचारलं, "यांचे डोळे आलेत का?"

"नाही," मी म्हटलं.

"हो," मालक त्याच क्षणी म्हणाले.

बाईंनी खुर्ची मागे घेतली आणि आपला ग्लासही ओढून मांडीवर धरला. आता तो माझ्या हाती येणं शक्यच नव्हतं. मी मालकांच्या ग्लासाकडे हात केला, तर त्यांनी पाणी एका घोटात संपवलं, उभे राहिले आणि म्हणाले, "दर्जा हा बोलायचा विषय नाही."

मी डोळे मिटले.

टण्.

मालकांचा चांगला होता. उरले दोन. धबधबा बोलण्याच्या भरात पडद्यासमोर गेला आणि भरला ग्लास हातात नाचवत आमच्या भट्टीची थोरवी सांगू लागला. मी मान अजून वाकडी केली. त्याच्या हातात इंद्रधनुष्य नाचत होतं. चांगला.

उरला एक. तो बाईंच्या मांडीवर होता.

"आता तुम्ही," मालक त्यांना म्हणाले. बाईंनी पाणी पिऊन टाकलं आणि हात वर नेला.

माझ्यापुढे दोनच रस्ते होते. गप्प बसावं, तर ग्लास फुटणार आणि दुसरी भट्टी बंद. बोलावं, तर ग्लास वाचणार आणि दुसरी भट्टी बंदच. पण बाईंच्या पायात सपाता होत्या, आणि काचेला ऑर्डर कळत नाही.

"तो नको," मी म्हटलं.

बाईंनी हात खाली घेतला. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "मघापासून बघतेय मी. तुम्ही ग्लास निवडताय. म्हणजे यातले काही चांगले आणि काही वाईट?"

धबधबा पहिल्यांदाच आटला. मालकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी काच असते तर तडकले असते.

"पाच चांगले," मी म्हटलं. "तुमच्या हातातला बाद आहे. माझ्या टेबलावर पेनं ठेवायला होता. तो फोडायला हवा होता. मी फोडला नाही."

बाईंनी माझा गॉगल मागितला, रुमालाने दोनदा पुसला, मग आणखी एकदा पुसला आणि घातला. मी सांगितलं तशी मान वाकडी केली. मालकांनीही केली, गॉगल नसताना. बाईंनी सहाही ग्लास एकेक करून पडद्यासमोर धरले.

"यात रंग नाहीत," त्या शेवटच्याबद्दल म्हणाल्या. "म्हणजे हा फुटेल?"

"फुटेल."

शास्त्रात असं बोलत नाहीत. शास्त्रात म्हणतात, फुटण्याची शक्यता बरीच जास्त आहे. पण त्या क्षणी मी म्हटलं, फुटेल.

बाईंनी मला लांब उभं केलं, स्वतः दोन पावलं मागे सरकल्या आणि ग्लास सोडला.

टण्. मालकांच्या ग्लासापेक्षा जरा वरच उडाला, लोळत गेला आणि मालकांच्या बुटाला टेकून थांबला.

मालकांचा चेहरा असा उजळला की भट्टीने लाजावं. "बघितलंत!" ते म्हणाले. "हा आमचा बाद माल! बाद माल फुटत नाही, तर चांगल्याचं काय सांगू?" धबधब्याला पुन्हा पाणी आलं. तो म्हणाला, बाद मालाचीसुद्धा वेगळी किंमत लावता येईल.

माझ्या डोळ्यांपुढे शाळेचं जेवणघर आलं. मी ग्लास उचलला आणि जोरात फरशीवर आपटला. टण्. पुन्हा आपटला. तो टीव्हीखाली गेला. मी गुडघ्यांवर बसून बाहेर काढला आणि भिंतीच्या कडेला मारला. भिंतीचा पोपडा निघाला. परवाच्या भाषणात टेबलावर बोट आपटायलाही संकोचणारी मी, मोठ्या ग्राहकासमोर स्वतःच्या कारखान्याचा ग्लास फोडायला खोलीभर धावत होते आणि तो चांगल्या मालासारखा दाद देत नव्हता. मालक दर टण्‌ला मान डोलावत होते.

शेवटी मला धाप लागली. मालकांनी तो माझ्या हातातून प्रेमाने काढून घेतला, जगमधलं पाणी त्यात ओतलं, बाईंकडे बघून ग्लास उंचावला, एक घोट घेतला आणि अगदी हळू, झोपलेलं बाळ ठेवावं तसा टेबलावर ठेवला.

टक्.

एवढाच आवाज. मालकांनी हात उचलला तर हातात वरची काचेची बांगडी आली. बूड टेबलावरच राहिलं आणि मधलं सगळं पाणी मालकांच्या मांडीवर गेलं. काचेची कड वस्तऱ्यासारखी चमकत होती, त्यांच्या अंगठ्यापासून नखभर लांब.

"आमच्याकडे असंच झालं होतं," बाई म्हणाल्या. "आदल्या दिवशी मुलांनी आपटला, तेव्हा काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती मुलगी नुसती पाणी प्यायला बसली होती."

त्यांनी मालकांच्या हातातून ती बांगडी जपून काढून घेतली, ट्रेमध्ये ठेवली आणि माझा गॉगल मला परत दिला. ऑर्डर देते, म्हणाल्या, पण अट आहे. प्रत्येक ग्लास या बाईंच्या रीतीने बघून पाठवायचा. प्रत्येक.

दुसरी भट्टी चालू आहे. तिच्यावरची निम्मी माणसं आता गॉगल लावून, माना वाकड्या करून उजळलेल्या पडद्यांपुढे बसतात. नवीन येणाऱ्याला आधी वाटतं, इथे सगळ्यांचे डोळे आलेत. धबधबा ग्राहकांना सांगतो की ही कल्पना मूळ त्याची, आणि नीट विचार केला तर मला ते नाकारता येत नाही.

मालकांनी मात्र त्या दिवसापासून आपली रीत बदलली आहे. पाच चांगले ग्लास आपटायचे आणि मग एक बाद ग्लास पाणी भरून हळूच टेबलावर ठेवायचा. पाहुण्यांवर फार छाप पडते, म्हणे. पडली असती. पण मागच्या दोन पाहुण्यांसमोर तो फुटलाच नाही. तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून गंभीरपणे सांगितलं की बाई, बाद माल चांगल्या दर्जाचा द्या. ठेवल्याबरोबर फुटला पाहिजे, त्याआधी नाही आणि त्यानंतर नाही.

म्हणून सध्या जेवणाच्या सुट्टीत मी दार लावून बाद ग्लासांची चाचणी घेत असते. अजून एकही पास झालेला नाही.