सांगितलेले आणि आलेले

नामदेवराव गावंडे लग्नाला जात ते चपला मोजायला. मांडवाच्या दाराशी उकिडवे बसत, हातातल्या काडीने एकेक जोड दाखवत आणि ओठातल्या ओठात मोजत. वाजंत्री वाजो, अक्षता पडोत, यांची मान वर होत नसे. एकदा एका वऱ्हाडी पाहुण्याला वाटलं, हा चपलाचोरच. त्याने मागून कॉलर धरली. नामदेवराव न वळता म्हणाले, "मंधात नोका बोलू भाऊ. दोनशे अकरा झाले. आकडा इसरते."

अमरावतीच्या राजापेठेत त्यांचं बिछायतीचं दुकान होतं. म्हणजे लग्नाकार्याला सतरंज्या, लोड, ताटं, स्वयंपाकाचे मोठाले गंज, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या, सगळं भाड्याने मिळे. दुकानामागच्या गोदामावर एक खोली होती. मी अकोल्याहून हायस्कुलात गणिताचा मास्तर म्हणून लागलो तेव्हा तीच खोली घेतली. खाली दोन हजार ताटं आणि वर मी.

"पण चपलाच का? माणसं मोजा ना," मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"मानसं हालते, मास्तर. एकच मानूस दोनदा मोजल्या जाते. चप्पल बिचारी गुमान एका जागी बसते."

अनवाणी येणाऱ्या पोरांसाठी ते दहा जोडांमागे तीन डोकी वाढवून धरत. हा तीनचा आकडा कुठून आला, तर एका उन्हाळ्यात त्यांनी आठ लग्नांत पोरांना रेवड्या वाटून तो काढला होता. रेवडी वाटली की पोरं रांगेत उभी राहतात आणि मोजता येतात.

त्यांच्याकडे लाल कापडाच्या पुठ्ठ्याची एक वही होती. तिच्यात दर लग्नाला एक ओळ. गाव कोणतं, त्या दिवशी बाजार होता का, कापूस वेचणीला आला होता का, शाळेची परीक्षा होती का, आभाळ कसं होतं. आणि शेवटी दोन रकाने, 'सांगितलेले' आणि 'आलेले'. यजमान जो आकडा सांगे तो पहिल्यात, चपलांवरून निघे तो दुसऱ्यात. या दोन रकान्यांवर त्यांचा सारा धंदा चाले.

एखादा वधूपिता छाती फुगवून म्हणे, "पाचशे पान होईल." नामदेवराव वही उघडत. "व्याही कुठचे?" "हिवरखेडचे." "मंग सहाशे चाळीस धरा. हिवरखेडचे सांगतलं त्याच्यावर येते. अन् गुरुवारी बाजार हाय, तुमच्याकडचे साठ कमी होईन." वधूपिता भडके. पण पंगत उठली की तोच माणूस घाम पुसत येई आणि नामदेवरावांचे दोन्ही हात धरी.

यात गंमत अशी की पुष्कळदा ते गिऱ्हाइकाने मागितल्यापेक्षा कमी ताटं देत. समोरचा दुकानदार त्यांना हसे. पण एकदा ज्याच्याकडे नामदेवरावांची ताटं गेली तो दुसऱ्या पोरीच्या वेळी दुसरीकडे जात नसे. हेही वहीत होतं.

मी त्यांना सरासरी काढायला शिकवली. ते रात्रभर खूश होते. सकाळी जिना चढून वर आले ते कपाळाला आठ्या घालून.

"मास्तर, तुमची सरासरी लबाड हाय. एका लग्नात पाचशे, एकात शंभर. तुमी म्हनता तीनशे. पन तीनशे तं कोनच्याच लग्नात नोते! मी तीनशे ताटं घेऊन गेलो असतो तं दोन्हीकडं शिव्या खाल्ल्या असत्या."

हे मी कॉलेजात दोन वर्षं शिकूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग मी त्यांना चौकटीचा कागद आणून दिला. त्यावर त्यांनी साल दर साल रेघा ओढल्या आणि गोदामाच्या भिंतीला चिकटवल्या. एका वर्षाचं पाहून ते कधी काही विकत घेत नसत. "तीन सालं एकाच बाजूले रेघ चालली का मंगच हात खिशात घालावं," म्हणत. शेंदूरजनाघाटला संत्रं चांगलं उतरलं की पुढल्या मोसमात त्या भागातून बत्त्यांची मागणी वाढते, हे त्यांनी असंच ताडलं आणि दिवाळीआधीच बत्त्या आणून ठेवल्या. आणि एका वर्षी तर चक्क निम्म्या सतरंज्या विकून घडीच्या खुर्च्या घेतल्या. सगळी राजापेठ त्यांना वेड्यात काढत होती.

"पाच सालापासून पाहून राहिलो," ते म्हणाले, "शहरातल्या लोकाइले मांडी घालता येईना. खाली बसते अन् उठताना दुसऱ्याचा खांदा धरते. खांदे धरनारे मी मोजले हाय."

दुसऱ्याच मोसमात समोरचा दुकानदार त्यांच्याकडे खुर्च्या मागायला आला.

ते स्वतः बिनलग्नाचे. पन्नाशी गाठलेले. कुणी छेडलंच तर उत्तर ठरलेलं, "सीझनमधे मले वेळ नाई, अन् सीझन सोडून लगन होत नाई." लोक हसत. तेही हसत आणि ताटं पुसायला लागत.

पुढे माझं लग्न ठरलं. सुशीला मुलींच्या शाळेत शिकवत होती. तीही अकोल्याचीच. तिचे वडील सरकारी कचेरीत शिपाई होते आणि चार वर्षांपूर्वी सगळं घर नागपूरला जाऊन बौद्ध झालं होतं. माझे वडील अकोल्यात भिक्षुकी करत. मी त्यांना सविस्तर पत्र लिहिलं. उत्तरादाखल एक कार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती, 'आम्हास सवड होणार नाही.' तारीख मी अजून कळवलीच नव्हती.

नोंदणी सकाळी आणि दुपारी शाळेमागच्या मोकळ्या जागेत जेवण, असं आम्ही ठरवलं. मी दुकानात गेलो. "नामदेवराव, तीस ताटं लागतील."

त्यांनी वही उघडली, बराच वेळ पानं उलटली. "माया वहीत अशा लग्नाची ओळच नाई, मास्तर." मग पेन्सिल कानामागून काढली. "पत्रिका किती वाटल्या?"

"साठ."

"घेताना किती जनाइनं वेळ इचारला?"

मला कळेना.

"ज्याले यायचं असते थो वेळ इचारते. ज्याले यायचं नसते थो 'वा वा, छान' म्हनते."

मी आठवून पाहिलं. वा वा पुष्कळ झालं होतं. वेळ शाळेतल्या तिघांनी विचारली होती. नामदेवरावांनी लिहिलं, नवरीकडचे पाच, मास्तर तीन, नवरा-नवरी दोन. बेरीज केली आणि वही माझ्याकडे फिरवली. दहा. ते कधी आकडा गोड करून सांगत नसत.

मी म्हणालो, "मग दहाच द्या."

त्यांनी वही मिटली. "चाळीस टाकतो."

"अहो, पण तुमचा हिशोब दहा म्हणतो."

"हिशोब माया हाय. ताटं बी मायीच हाय. तुमी जा, नवे कपडे शिवाले टाका."

लग्नाच्या दिवशी आम्ही शाळेमागे पोचलो तेव्हा मांडव उभा होता. सुशीलाचे आईवडील, दोन भाऊ आणि आत्या कडेला अवघडून बसली होती. तीन मास्तर आले. मग एक टांगा थांबला आणि त्यातून एक वकील सपत्नीक उतरले. मी त्यांना ओळखत नव्हतो. पाठोपाठ एक कापडवाले. मग हिवरखेडहून मोटारीने आलेलं एक कुटुंब. शेंदूरजनाघाटचे एक बागाईतदार संत्र्यांची करंडी घेऊन आले आणि मलाच विचारू लागले, "नामदेवरावांची नवरी कुठे आहे?"

मी गोंधळलो. वकीलसाहेबांनी मला बाजूला घेतलं.

"बुधवारी सायकलवरून माझ्याकडे आले. तासभर नुसते टोपी फिरवत बसले. शेवटी म्हणाले, 'वकीलसाहेब, माया घरचं लगन हाय. तुमी आलं पायजे.' आता या माणसाने आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलं नाही. आम्हाला वाटलं, अखेर स्वतःचंच करतोय! बघायला तरी जावं म्हणून आलो."

चार दिवस नामदेवराव सायकल मारत फिरले होते. ज्या ज्या घरची पंगत त्यांनी कधी सांभाळली होती, त्या त्या घरी जाऊन हेच एक वाक्य बोलून आले होते.

नवरा कोण, नवरी कोण, हे कळल्यावर दोन घरची माणसं पाणीही न पिता निघून गेली. एकाची बायको जाताना सुशीलाच्या आईकडे नजर टाकून गेली, ती मला अजून आठवते. बाकीचे थांबले. वकीलसाहेबांनी क्षणभर चष्मा पुसला, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "आलोच आहोत तर जेवूनच जाऊ." त्यांच्या बायकोने पदर खोचला आणि ती थेट सुशीलाच्या आईच्या हातातलं बुंदीचं ताट धरायला गेली. तिथून मांडवात बोलणं सुरू झालं.

पानं मांडली. माझ्याकडचं म्हणून कुणीच नव्हतं. तरी सुशीलाच्या वडिलांनी व्याह्यांसाठी एक पाट मांडून त्याच्याभोवती रांगोळी काढली होती. "असू द्या रिकामा," ते मला म्हणाले, "पन मांडला नाई असं नोको व्हाले."

नामदेवराव मागे गंजांपाशी उभे होते. सुशीला त्यांना बोलवायला गेली, मागोमाग मीही.

"बिछायतवाला पंगत उठल्यावर जेवते, बाई. घरून भाकर आनली हाय."

"इतक्या लग्नांत तुम्ही कधी पंगतीत बसला नाहीत?"

"आवतन कोन देते? ताटं मागवते, मानूस नाई मागवत." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. वहीतली ओळ वाचावी तसं सांगितलं.

तेवढ्यात सुशीलाचे वडील मागे आले. त्यांना कोण काय करतं याची काही कल्पना नव्हती. स्वच्छ धोतर, काळी टोपी घातलेला एक वयस्क माणूस उभा आहे, एवढंच त्यांनी पाहिलं. हात जोडून त्यांनी विचारलं, "मापी करा. तुमी कोनाकडचे?"

नामदेवरावांनी माझ्याकडे पाहिलं.  

"पोराकडचा," नामदेवराव म्हणाले.

सुशीलाच्या वडिलांचा चेहरा उजळला. त्यांनी नामदेवरावांचा हात धरला, पंगतीतून चालवत नेलं आणि त्या रांगोळीच्या पाटावर बसवलं. नामदेवरावांनी टोपी सरळ केली, मांडी घातली, पुन्हा सारखी केली. वाढणारे आले. नको असेल तेव्हा ताटावर हात आडवा धरायचा असतो, हे त्यांना सुचलं नाही. सुशीलाचे वडील बुंदी वाढत गेले, आग्रह करत गेले, आणि नामदेवराव खाली मान घालून सगळं खात गेले.