बाल्कनीचा खर्च शून्य

दिराचा फोन आला तेव्हा ती फ्रिजच्या पाठीवरचा गंज खरवडत होती. खाऱ्या वाऱ्याने तीन वर्षांत खाल्लेला हा दुसरा फ्रिज. आधीच्याची किंमत अजून तिच्या छातीत रुतून होती.

"वहिनी, तुमचं बरंय," दीर म्हणाला. "समुद्रकाठी अर्ध्या खर्चात राजासारखे राहताय."

तो बँकेतून मुदतीआधीच निवृत्त झाला होता आणि आता दुसऱ्यांच्या पैशांचा विचार करायला त्याच्याकडे भरपूर वेळ होता. आईबाबांच्या फ्लॅटला गळती लागली होती. दुरुस्तीचा सगळा खर्च दादाने उचलला तर दादाला ते जाणवणारही नाही, असे त्याचे मत पडले होते.

"अर्ध्या खर्चात हे तुम्हाला कोणी सांगितलं, भाऊजी?"

"व्हिडिओ पाहिला ना. पाठवतो तुम्हाला. तुमच्याच गावातला माणूस आहे."

व्हिडिओ टोपीवाल्याचा होता. परदेशात येऊन स्थिरावलेल्या आपल्याकडच्या मंडळींत टोपीवाल्याला सगळे ओळखत. लोक सुट्टीवर गेले की त्यांच्या घरी राहून झाडांना पाणी घालायचे आणि मांजरांना खायला द्यायचे, हा त्याचा व्यवसाय होता. त्यामुळे भाडे म्हणजे काय हे त्याला ऐकूनच ठाऊक. 'अर्ध्या पगारात अख्खा समुद्र' असे नाव देऊन तो सांगत होता, की इथे विजेचा खर्च नगण्य आहे, फळे झाडावरून पडतात आणि घरे तर लोक आग्रह करून देतात. त्याच्यामागे लाटा होत्या. त्याच्याखाली वेताची खुर्ची होती. तिचा मोडका हात निळ्या दोरीने बांधलेला होता.

ती दोरी तिने स्वतः बांधली होती. खुर्ची तिची होती, बाल्कनीही तिची. मागच्या महिन्यात टोपीवाला चहाला आला होता आणि दोन मिनिटे जरा शांतता मागून बाहेर जाऊन बसला होता. एका कोपऱ्यात वाळत घातलेल्या स्वेटरची बाहीसुद्धा दिसत होती. तिचा नवरा बंदरावरच्या शीतगृहात देखभाल इंजिनिअर होता. त्या घामट गावात स्वेटर धुणारे घर हे एकच.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण राग आला की ती आरडाओरडा करत नसे. ती मोजायला लागे. हॉटेलांच्या तलावातले पाणी तपासणे हे तिचे काम होते. क्लोरीन किती, आम्लता किती, हे दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांपर्यंत लिहून द्यायचे. अंदाजे, साधारण, जवळजवळ या शब्दांवर ती कधी सही करत नसे.

"सोडून दे गं," नवरा स्वेटर काढत म्हणाला. "तो बोलतो, लोक ऐकतात, विसरतात."

"तुमचा भाऊ विसरला का?"

नवऱ्याने टॉवेल खांद्यावर टाकला. तो आंघोळीला गेला.

सहा महिन्यांच्या पावत्या तिने जपून ठेवल्याच होत्या. त्यांवरून तिने लेख लिहिला आणि नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी जे पान इंटरनेटवर होते त्यावर टाकला. नाव दिले, 'इथे काहीही स्वस्त नाही'. त्यात वीज होती, गॅस होता, विमा होता आणि मिठाने मेलेल्या उपकरणांचा घसारा होता. ओळखीच्या लोकांना विचारून काढलेले सरासरी घरभाडे होते. मासे आणि भाजी यांचे दोन-दोन भाव होते. एक आपल्याला सांगितला जाणारा, दुसरा गावकऱ्यांचा. दुसरा कळावा म्हणून तिने शेजारणीला तोच मासा आणायला पाठवले होते. शेवटी तळटिपा होत्या. सातव्या तळटिपेत लिहिले होते, की एका घरात दोन जोडपी राहिली तर प्रत्येक जोडप्याचा खर्च एकट्याने राहण्याच्या चौसष्ट टक्के होतो. 'मात्र हे कोणाला सोसेल असे वाटत नाही,' असेही तिने पुढे जोडले होते.

संपूर्ण तक्त्यात भावनेने लिहिलेली ओळ एकच होती, अगदी खालची. 'बाल्कनी, संध्याकाळी. खर्च शून्य.' दिवसभर दुसऱ्यांच्या तलावांचे पाणी काचेच्या नळ्यांत भरून आल्यावर ती त्या खुर्चीत एकटी बसे आणि न मोजता येणाऱ्या पाण्याकडे बघे. या गावात तिला फुकट मिळालेली गोष्ट ती एवढीच.

लेख लोकांनी वाचला. वाचला म्हणजे उचलून धरला. मोठमोठ्या शहरांत कबुतरखान्याएवढ्या खोल्यांचे भाडे भरणाऱ्या माणसांनी बाकी सगळे ओलांडून शेवटची बेरीज पाहिली आणि ती त्यांना फारच कमी वाटली. आजवर स्वस्ताईच्या गप्पा पुष्कळांनी मारल्या होत्या, पण दशांश चिन्हासकट आकडे कोणी दिले नव्हते. चौथ्या दिवशी टोपीवाल्याने नवा व्हिडिओ टाकला. एका शास्त्रज्ञ बाईंनी माझे म्हणणे सिद्ध केले आहे, असे तो त्यात सांगत होता. या वेळी तो दुसऱ्या कोणाच्या बाल्कनीत होता, एवढेच समाधान.

पुढच्या आठवड्यात मासेवालीने तिला पाहिले आणि मासे सावकाश झाकले. लेख कोणीतरी मासेवालीच्या मुलीला वाचून दाखवला होता. दोन भाव ठेवणे वाईट दिसते, हे मासेवालीला पटले होते. म्हणून तिने आता सगळ्यांना एकच भाव लावला होता. वरचा.

"तुम्हालाच समान वागणूक हवी होती ना?" मासेवाली म्हणाली. "घ्या आता."

त्या संध्याकाळी शेजारीण दारात आली. आत ये म्हटले तरी आली नाही. तिच्या आजीपासून त्या घराने कधी जो भाव दिला नव्हता तो आज तिने दिला होता. मी तुझ्यासाठी मासा आणला आणि तू मला हा भाव आणलास, एवढे बोलून ती आपली शिडी परत मागून घेऊन गेली.

मग घरमालक आला. तो दातांचा निवृत्त डॉक्टर होता. चाळीस वर्षे लोकांना दुखणार नाही असे सांगितल्यामुळे त्याचा आवाज कायमचा मऊ झाला होता. तो आला, बसला, पाणी प्याला. हातात तिच्या तक्त्याची छापील प्रत होती.

"तुमचे आभार मानायला आलो," तो म्हणाला. "मी इतका मूर्ख आहे हे मला माहीतच नव्हतं. गावातलं सरासरी भाडं इतकं, आणि मी तुमच्याकडून घेतो एवढंसं."

"सरासरी आहे ती, डॉक्टर. काही घरं वर असणार, काही खाली. सगळी सरासरीवर नसतात."

"बरोबर. म्हणून जे खाली आहेत ते आता सरासरीवर येताहेत. मी एकटाच नाही, आम्ही सगळे बोललो."

"अहो, असं केलंत तर सरासरीच वर जाईल."

"जाईल ना," तो समजुतीने म्हणाला. "मग तेव्हा पुन्हा बोलू. पुढच्या एक तारखेपासून धरू या? थोडंसं लागेल, पण लवकर सवय होते."

नवऱ्याने कागदावर वजाबाकी केली. पगारातून नवे भाडे वजा केल्यावर जे उरत होते त्यात एक तर जेवता येत होते किंवा पंखा लावता येत होता. नाहीतर विमानतळामागच्या वस्तीत खोल्या होत्या. तिथून समुद्र दिसत नसे, फक्त त्याचे मीठ येई. त्याच्या नोकरीचा करार अजून दोन वर्षे होता. दोन वर्षे तिथे बसून विमानांची पोटे बघायची.

"लेख काढून टाक," नवरा म्हणाला.

लेख आता चाळीस ठिकाणी होता. टोपीवाल्याकडे तर रंगीत.

"मग दुसरा लिही. सगळ्याला दीडने गुण. कोण तपासायला येतंय?"

ती त्याच्याकडे अशी बघत राहिली, की त्याने आपणहून विषय बदलून स्वेटरच्या गुंडीचा काढला. तरीही ती टेबलाशी बसली. विजेच्या आकड्याला दीडने गुणून पाहिले. आकडा खोटा होता आणि खोटा दिसत होता. तिने तो खोडला, आणि मग स्वतःवरच इतकी चिडली की पेन्सिलचे टोक मोडले. शेवटी तिने खरेच लिहिले, फक्त वाईट तेवढे. हवेतला ओलावा, पुस्तकांवरची बुरशी, नळातून येणारी वाळू, मुंग्यांच्या सात जाती. वाचकांना हाही लेख आवडला. ओलावा त्वचेला चांगला असतो, असे बऱ्याच जणांनी कळवले. मुंग्यांचे फोटो मागितले.

रविवारी एक जोडपे घर पाहायला आले. डॉक्टरांनी पाठवले होते. दोघांच्या हातात तिचाच तक्ता. त्यांनी तिच्या देखत स्वयंपाकघर मापले, फ्रिज हलवून पाठ बघितली आणि नळ सोडला.

"तुम्ही लिहिलंय त्यापेक्षा धार कमी आहे," बाई म्हणाली.

"मी सकाळची लिहिलीय. आता दुपार आहे."

"तसं स्पष्ट लिहायला हवं होतं."

तिने लिहिले होते. तळटीप तीन. बोलण्यासाठी तिने तोंड उघडले, तेवढ्यात त्या बाईचा नवरा बाल्कनीतल्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "ही ती शून्यवाली का?"

तिने दोघांना दारापर्यंत पोचवले. दार इतक्या हळू लावले, की नवरा घाबरून आतल्या खोलीतून बाहेर आला.

एक तारखेला आठवडा उरला असताना पुन्हा दिराचा फोन आला. आज त्याच्या मुस्काटात शब्द मारायचेच, असे ठरवून तिने तो घेतला. सगळे इथूनच सुरू झाले होते. पण तो आधीच म्हणाला, "वहिनी, माझं चुकलं."

लग्नाला तीस वर्षे झाली होती. हे वाक्य त्या घरातल्या कोणाच्या तोंडून तिने कधी ऐकले नव्हते.

त्याने लेख वाचला होता. एकदा नव्हे, बँकेतल्या जुन्या सवयीने, प्रत्येक ओळीवर खूण करत. तुम्ही किती ओढाताण करून राहताय हे आम्हाला कळलंच नाही, तो म्हणाला. फ्लॅटच्या गळतीचे पैसे तो स्वतः भरणार होता. दादाने एक पैसा द्यायचा नाही. एवढ्या सगळ्या वाचकांत लेख बरोबर वाचणारा माणूस निघाला तो हा.

"आणि भाड्याचं दादा बोलला परवा. त्याचीही काळजी करू नका," दीर पुढे म्हणाला. "तळटीप सात."

"तळटीप सात?"

"दोन जोडपी एका घरात. आम्ही दोघं येतोय, वहिनी. इथला आमचा फ्लॅट भाड्याने दिला. निम्मं भाडं माझं. मी सगळा हिशेब घालून पाहिलाय, पण तुम्ही एकदा तपासा. तुमच्याइतकं अचूक कोण करणार?"

तिने हिशेब तपासला. आधी उभ्याने, मग बसून. चूक सापडावी म्हणून तिने आयुष्यात इतक्या आशेने काहीच तपासले नव्हते. नवे भाडे, वीज, फ्रिजचा घसारा, मासे वरच्या भावाने. सगळे बरोबर येत होते. घर राहत होते. बाल्कनी राहत होती. विमानतळ टळत होता. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि नवऱ्याकडे इतक्या संतापाने पाहिले, की तो म्हणाला, "मी काय केलं?"

"तुम्ही त्याचे भाऊ आहात."

दीर आणि जाऊ एक तारखेच्या आत आले. सामान अपेक्षेपेक्षा जास्त होते. जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी मिठाच्या बरणीची जागा बदलली. ते आले त्याच संध्याकाळी ती कामावरून परतली. पाण्याच्या नळ्यांची पेटी दाराशी ठेवून नेहमीप्रमाणे चहाचा कप घेऊन बाल्कनीकडे निघाली आणि दारातच थांबली.

वेताच्या खुर्चीत, निळ्या दोरीवर कोपर टेकून दीर बसला होता. फोनवर बँकेतला जुना मित्र होता. समुद्राचा आवाज मित्रालाही ऐकू जावा म्हणून फोनचा आवाज मोठा करून ठेवला होता.

"तुला सांगतो," दीर म्हणत होता, "अर्ध्या खर्चात. राजासारखा."

या गावात पुन्हा कोणाला आकडा म्हणून सांगायचा नाही, असे तिने गेल्या आठवड्यात स्वतःला बजावले होते.

"अर्ध्या नाही, भाऊजी," ती म्हणाली. "चौसष्ट टक्के."

"ऐकलंस?" दीर फोनमध्ये म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक मावत नव्हते. "वहिनी आमच्या शास्त्रज्ञ आहेत. चौसष्ट. सिद्ध झालेलं आहे."

पलीकडचा मित्रही निवृत्त झाला होता. मग त्याने चौकशी केली, की सहज विचारतोय, तिथे तिसरं जोडपं आलं तर काय पडेल.

दिराने मान वळवून वहिनीकडे बघितले. तिला आकडा ठाऊक होता. तिने ओठ घट्ट मिटून घेतले, चहा तसाच घेऊन आत गेली आणि बाल्कनीचे दार लावून घेतले. कडीसुद्धा घातली.

मग बंद दाराआडून, दात आवळून काढलेला तिचा आवाज आला.

"बावन्न."