फुटपाथमान्य कादंबरी

ज्ञान सर्वांचं असतं. छपाईचा खर्च मात्र एकाचाच असावा, या उदात्त तत्त्वावर आमच्या शहराचं वाङ्मयीन जीवन उभं आहे. इथे पुस्तक समारंभाने प्रकाशित होत नाही. बँकेसमोरच्या फुटपाथवर, मोबाइलच्या कव्हरांशेजारी त्याची नक्कल मांडली गेली, की ते अधिकृतरीत्या प्रकाशित झालं असं समजतात. (मूळ प्रत हा कच्चा माल.)

यंदा हा मान एका लेखिकाबाईंना मिळाला. दिवसभर वीज कार्यालयात लोकांच्या तक्रारी ऐकून घेणाऱ्या या बाईंनी दोन भागांची कादंबरी लिहिली. पहिल्या भागाच्या शेवटी नायिका घराला बाहेरून कुलूप लावते. आत नणंद आहे. शहर हादरलं. नव्वद टक्के वाचकांनी ती नकली प्रतीत वाचली. उरलेल्या दहा टक्क्यांनी त्या नव्वदांकडून मागून नेली.

वाचनालयाने बाईंचा सत्कार केला. सहीसाठी रांग लागली. बाईंनी प्रत्येक नकली प्रतीवर ‘सप्रेम भेट’ असं लिहिलं, कारण दुसरं काही सुचेना. एका निवृत्त मास्तरांनी प्रेमाने कानावर घातलं, "ताई, छपाई फार फिकी आहे हो. प्रकाशकाला जरा खडसवा."

प्रकाशक खडसवण्यापलीकडे गेला होता. मूळ प्रती पलंगाखाली सरकवून तो आता दुकानदारांची पावतीपुस्तकं छापतो. (त्यांची नक्कल केली तर पोलीस लगेच येतात.) "ताई, दुसरा भाग माझ्याच्याने नाही होणार," एवढंच तो म्हणाला.

बाई चिवट. हस्तलिखित घेऊन थेट नक्कलवाल्याकडे गेल्या.

"दादा, पहिला भाग घरोघर तुम्हीच पोहोचवलात. दुसरा सरळ तुम्हीच छापा."

नक्कलवाला दुखावला. "ताई, आपला धंदा चोरीचा आहे, जोखमीचा नाही. आधी कुणीतरी छापू दे, खपतंय का बघू. मग आम्ही आहोतच की!"

बाई हस्तलिखित पिशवीत घालून घरी परतल्या. किती वर्षं खपून लिहिलं होतं त्यांनी! मला मनापासून वाईट वाटलं. शहरातही संताप आहे. वीज गेल्याच्या तक्रारींबरोबर आता नणंदेबाबतच्या तक्रारीही बाईंच्याच खिडकीवर येतात. लेखक असे अडवून धरतात म्हणूनच वाचनसंस्कृती मरते, असं जाणकारांचं मत पडलं.

नणंदेचं पुढे काय झालं, ते त्या एका हस्तलिखिताखेरीज कुठेही नाही. आणि सुजाण वाचकहो, एवढं सगळं वाचूनही तुम्ही आत्ता मनात काय म्हणालात, ते मला पक्कं ठाऊक आहे: पीडीएफ असेल तर टाका की ग्रुपवर.